राजाचा अनौरस इतिहासात, पाटलाचा अनौरस शिवीत!

विरोधकाला गप्प करायचे असेल तर त्याच्या आईवर जायचे, ही आपल्याकडची फार जुनी रीत आहे. सोशल मीडियावरच्या कोणत्याही वादात चार-पाच कमेंट झाल्या की 'एका बापाची औलाद असशील तर...' हे वाक्य येतेच. मनुवाद्यांनी हे वापरले तर त्यात नवल नाही. ज्यांचा सगळा डोलारा जन्मावर उभा आहे, ते दुसऱ्याचा जन्म काढणारच. पण निळ्या झेंड्याचा फोटो लावून फिरणारे आपले तरुणही हीच शिवी हासडतात, तेव्हा त्यांना थांबवून विचारावेसे वाटते : मित्रा, 'अनौरस' हा शब्द कुणी घडवला, कुणाच्या सोयीसाठी घडवला आणि तो सर्वांत जास्त कुणाच्या पाठीवर मारला गेला, हे तुला माहीत आहे का?

उत्तर शोधायला फार लांब जायला नको. नागपूरपासूनच सुरुवात करू.

हे शहर वसवले देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंदाने. त्याच्यानंतर चांद सुलतानाने इथे राजधानी आणली. आज ज्याला आपण गांधीसागर म्हणतो तो जुम्मा तलाव त्याच्याच काळातला. १७३९ मध्ये चांद सुलतान वारला आणि वलीशाह गादीवर बसला. वलीशाह बख्त बुलंदाचाच मुलगा, पण अनौरस. चांद सुलतानाची राणी रतनकुंवर हिला आपली मुले अकबरशाह आणि बुऱ्हाणशाह गादीवर हवी होती. तिने वऱ्हाडातून रघुजी भोसल्यांना मदतीला बोलावले. रघुजी आले, वलीशाह मारला गेला आणि 'खरे' वारस गादीवर बसले.

पुढे काय झाले? त्या दोन औरस भावांत बेबनाव झाला. रघुजी पुन्हा आले आणि या वेळी परत गेले नाहीत. १७४३ च्या सुमारास राज्याची सूत्रे भोसल्यांच्या हातात गेली. अकबरशाह देशोधडीला लागला. बुऱ्हाणशाह नावापुरता राजा उरला आणि त्याच्या वंशजांच्या वाट्याला किल्ल्यात बसून पेन्शन खाणे आले. म्हणजे अनौरसाला 'हक्क नाही' म्हणून मारले आणि औरसाला 'हक्क आहे' म्हणून बसवून नंतर बाजूला केले. राज्य मिळाले ते फौज घेऊन आलेल्या तिसऱ्याला. गोंडांचे नागपूर गोंडांच्या हातून गेले, त्याचा पहिला दरवाजा 'अनौरस' या शब्दाने उघडला.

भोसल्यांनाही नंतर याच दुकानातला माल विकला गेला. १८१८ मध्ये इंग्रजांनी अप्पासाहेब भोसल्यांना पदच्युत केले. गादीवर कुणाला बसवायचे? दुसऱ्या रघुजींच्या मुलीचा मुलगा बाजीबा याला दत्तक घेऊन तिसरा रघुजी म्हणून बसवण्यात आले. कंपनी सरकारला तेव्हा दत्तक चालला, कारण राजा अल्पवयीन होता आणि कारभार इंग्रज रेसिडेंटच्या हातात राहणार होता. हाच तिसरा रघुजी डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक वारला. राजघराण्यातील स्त्रियांनी यशवंतरावांना दत्तक घेतले. आता मात्र डलहौसीला दत्तक चालला नाही. १८५४ मध्ये नागपूर खालसा झाले आणि राजवाड्यातले जडजवाहीर लिलावात निघाले. एकच शहर, एकच घराणे, एकच धर्मशास्त्र. छत्तीस वर्षांपूर्वी जो दत्तक कायदेशीर होता, तोच आता बेकायदेशीर झाला. मधल्या काळात शास्त्र बदलले नव्हते. कंपनीला आता बाहुला राजा नको होता, अख्खे राज्य हवे होते.

ज्या इंग्रजांनी आपल्याला वारसाचे शास्त्र शिकवले, त्यांच्या घरात तरी काय वेगळे होते? १०६६ मध्ये इंग्लंड जिंकणारा विल्यम हा नॉर्मंडीच्या सरदाराचा लग्नाबाहेरचा मुलगा. लढाई जिंकली आणि तो 'जेता विल्यम' झाला. चौथा एडवर्ड १४८३ मध्ये वारला तेव्हा त्याचा भाऊ रिचर्ड याने पुतण्यांनाच अनौरस ठरवले. कारण दिले की भावाचे लग्न आधीच दुसरीकडे ठरले होते, म्हणून नंतरचे लग्न खोटे. १४८४ मध्ये संसदेने तसा कायदाही केला. ती दोन लहान मुले लंडनच्या किल्ल्यातून नाहीशी झाली. १४८५ मध्ये हेन्री ट्यूडरने रिचर्डला रणात मारले आणि तो कायदा रद्द केला. त्याच्या प्रतीही नष्ट करायला लावल्या, कारण त्याला त्याच मुलांच्या बहिणीशी लग्न करायचे होते. राणी अनौरस असून कसे चालेल? गंमत म्हणजे हेन्रीचा स्वतःचा दावाही आईकडून, बोफर्ट घराण्यातून आलेला. ते घराणे सुरू झाले लग्नाआधी झालेल्या मुलांपासून. १३९७ मध्ये संसदेने त्यांना औरस केले, तर १४०७ मध्ये चौथ्या हेन्रीने 'गादी मात्र सोडून' अशी अट घातली. तरीही त्याच घराण्याचा नातू राजा झाला.

इथवर दोन्ही देशांत एकच नियम दिसतो : ज्याच्या हातात तलवार, त्याच्या हातात औरसपणाचा शिक्का. पण भारतात या शिक्क्याला आणखी एक धार होती. तिचे नाव जात.

महाभारतातला विदुर आठवा. तिघा भावांत सर्वांत शहाणा तो. थोरला आंधळा, मधला राज्य सोडून वनात गेलेला, तरी विदुराला गादी नाही. का? तो दासीचा मुलगा. सल्ला त्याचा चालतो, राज्य त्याचे चालत नाही. हीच गोष्ट पुढे शास्त्रात बसवली गेली. याज्ञवल्क्य स्मृती आणि तिच्यावरची मिताक्षरा यांचा नियम असा : शूद्राला दासीपासून मुलगा झाला तर त्याला बापाच्या मालमत्तेत वाटा मिळू शकतो. तिन्ही द्विज वर्णांच्या दासीपुत्राला वाटा नाही, फक्त पोटगी. वरवर पाहिले तर शूद्रांवर मेहेरबानी वाटते. खरे पाहता शास्त्रकारांना शूद्राच्या घरातली शुद्धता जपण्याची गरजच वाटत नव्हती. द्विजाच्या घराला कुंपण, शूद्राचे घर उघडे.

पेशवाईत याचे जिवंत उदाहरण आहे. पहिला बाजीराव आणि मस्तानी यांचा मुलगा समशेर बहादूर. बापाला त्याची मुंज करायची होती, पण पुण्याच्या ब्रह्मवृंदाने होऊ दिली नाही. तोच समशेर १७६१ मध्ये पानिपतावर पेशव्यांच्या बाजूने लढला, जखमी झाला आणि त्यातच गेला. मरायला तो पेशव्यांचा होता, मुंजीला मात्र नव्हता!

इंग्रजी न्यायालये आली तेव्हा त्यांनी हे शास्त्र मोडीत काढले नाही, छापील पुस्तकात बसवले. १८९० मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे ओरिसातल्या सुकिंदा संस्थानाचा दावा गेला. राजाचा औरस मुलगा वारला होता, दासीपासून झालेला मुलगा जिवंत होता. राजघराणे शूद्र मानले गेले, म्हणून दासीपुत्राला संस्थान मिळाले. शूद्र असणे तिथे फायद्याचे ठरले.

आता तंजावरचे भोसले घ्या. हे शिवाजी महाराजांचे भाऊ व्यंकोजीराजे यांचे घराणे. तिथला शेवटचा राजा १८५५ मध्ये पुरुष वारस न ठेवता वारला. इंग्रजांनी राज्य गिळले, खाजगी मालमत्ता मात्र पुढे राण्यांना परत केली. त्या मालमत्तेचे भांडण पुढच्या शतकात मद्रास उच्च न्यायालयात पोचले आणि पक्षकारांत कोल्हापूरचे महाराजही होते. राजाला तलवारीशी लग्न लावून आणलेल्या स्त्रियाही होत्या आणि त्यांची संतती होती. प्रश्न असा पडला की भोसले क्षत्रिय की शूद्र? शूद्र ठरले तर त्या संततीला दासीपुत्र म्हणून वाट्याचा दावा करता येतो. क्षत्रिय ठरले तर दावा संपला. म्हणजे एका बाजूच्या वंशजांनी भर न्यायालयात म्हणायचे की आमचा पूर्वज शूद्र होता, आणि दुसऱ्या बाजूने म्हणायचे की नाही, तो क्षत्रिय होता. १६७४ मध्ये गागाभट्टाने रायगडावर केलेला राज्याभिषेक अडीचशे वर्षांनी वकिलांच्या टेबलावर आला. १९२४ मध्ये न्यायालयाने तंजावरच्या मराठ्यांना शूद्र ठरवले. चार वर्षांनी मुंबई उच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात पाच कुळी आणि शहाण्णव कुळी मराठ्यांना क्षत्रिय मानले आणि बाकीच्यांना बाहेर ठेवले.

बाबासाहेबांनी १९४६ च्या 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथात शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाची आणि या खटल्यांची चिकित्सा उगाच केलेली नाही. वर्ण ही जन्मसिद्ध गोष्ट असेल तर ती न्यायाधीशागणिक कशी बदलते? ज्या छत्रपतींच्या पराक्रमावर महाराष्ट्र उभा आहे, त्यांच्या घराण्याला मद्रासमध्ये एक वर्ण आणि मुंबईच्या कसोटीवर दुसरा? जे मराठा बांधव आजही क्षत्रियत्वाचा अभिमान मिरवतात, त्यांनी हा निकाल एकदा तरी वाचावा. ब्राह्मणी व्यवस्थेने त्यांना दिलेले प्रमाणपत्र किती कच्च्या शाईने लिहिलेले होते, ते त्यांना कळेल.

पण मित्रांनो, एवढे सगळे झाले ते राजांच्या मुलांचे. वलीशाहला निदान इतिहासात एक ओळ मिळाली. समशेर बहादूरच्या मुलाला बांद्याची नवाबी मिळाली. तंजावरच्या वंशजांना उच्च न्यायालय मिळाले. गावच्या पाटलापासून, देशमुखापासून, मालगुजारापासून महारवाड्यातल्या बाईला झालेल्या मुलाला काय मिळाले?

त्याला मिळाला एक शब्द : अक्करमाशी. बारा माशांचा एक तोळा. अकरा मासे सोने म्हणजे एक मासा हिणकस. ज्यांच्या आईबापांचे रीतसर लग्न ते बारामाशी, आणि हा अक्करमाशी. मराठ्यांतही 'लेकावळे' आणि 'कडू' हे शब्द याच टाकसाळीतले. शरणकुमार लिंबाळे यांनी १९८४ मध्ये आपल्या आत्मकथनाला हेच नाव दिले आणि शिवीच पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छापून समाजाच्या तोंडावर फेकली. बाप सवर्ण जमीनदार, आई महार. बापाच्या वाड्यात जागा नाही आणि आईच्या वस्तीतही पूर्ण माणूस म्हणून मान नाही. बाईच्या अंगाला हात लावताना विटाळ झाला नाही, मुलाला नाव देताना मात्र झाला!

आणि ही शिवी आपल्या वस्तीतही चालते, हे कबूल केले पाहिजे. ज्या आईच्या हातात नकार देण्याची ताकद नव्हती, तिच्या मुलाला आपणच टोमणे मारले. म्हणून म्हणतो, वादात 'तुझा बाप कोण' असे विचारणारा आंबेडकरी तरुण नकळत पाटलाच्या वाड्याच्या बाजूने बोलत असतो.

आता आजचा कायदा पाहू, कारण प्रश्न फक्त शिवीचा नाही, सातबाऱ्याचाही आहे.

बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. त्यानंतर ते बिल तुकड्यातुकड्यांनी मंजूर झाले. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ ने रद्दबातल लग्नातून झालेल्या मुलांना औरस मानले. समजा, पहिली बायको असताना दुसरे लग्न केले, तर ते लग्न कायद्याने शून्य, पण त्यातले मूल औरस. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये रेवणसिद्धप्पा खटल्यात स्पष्ट केले की अशा मुलांना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत बापाच्या वाट्याला जेवढे आले असते, त्यात हक्क आहे. हे चांगलेच झाले. हे कायदे बौद्धांनाही लागू आहेत.

पण यात एक मोठे भगदाड आहे. कलम १६ साठी लग्न 'झालेले' असावे लागते, भले ते बेकायदेशीर का असेना. जिथे लग्नच लावले नाही, तिथे काय? १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा सांगतो की अनौरस मुलाचे नाते आईशी आणि आईच्या इतर मुलांशी. बापाशी नाही. म्हणजे बापाने मृत्युपत्र केले नसेल तर त्याच्या मालमत्तेत दमडीही नाही. जुन्या शास्त्रात कायम घरी ठेवलेल्या बाईपासून झालेल्या शूद्राच्या दासीपुत्राला जो वाटा होता, तोही या कायद्यानंतर गेला. वर्णभेद काढला हे योग्यच, पण समता आणायची ती सर्वांना वाटा देऊन आणायला हवी होती. सर्वांचा वाटा काढून घेऊन समता आणली! पोटगी तेवढी उरली. मूल औरस असो की अनौरस, बापाकडून पोटगी मागता येते आणि ही तरतूद नव्या फौजदारी संहितेतही आहे. पण पोटगी म्हणजे पोटापुरते. वारसा म्हणजे बरोबरी.

तिकडे इंग्लंडने १९६९ आणि १९८७ च्या कायद्यांनी सामान्य माणसासाठी हा भेद जवळजवळ पुसून टाकला. लग्नाबाहेरच्या मुलाला आईबापाच्या मालमत्तेत हक्क दिला. गादी आणि सरदारक्या मात्र आजही औरसांसाठीच राखून ठेवल्या आहेत. म्हणजे तिथे सामान्यांची मुले सुटली, राजे अडकून राहिले. आपल्याकडे राजे गेले, संस्थाने विलीन झाली, तनखेही बंद झाले, आणि गावकुसाबाहेरचे मूल तेवढे अडकून राहिले.

कुणी म्हणेल, आम्हाला पाटलाच्या जमिनीचा तुकडा कशाला हवा? आम्ही स्वाभिमानी आहोत. हा स्वाभिमान नाही, ही फसवणूक आहे. चवदार तळ्याला काय पाण्याची चव घ्यायला गेलो होतो? तिथे हक्क बजावायला गेलो होतो. दुसरा कुणी म्हणेल, अनौरसाला वाटा दिला तर विवाहसंस्था मोडेल. हिंदू कोड बिलाच्या वेळी सनातन्यांनी हेच रडगाणे गायले होते. विवाहसंस्था मोडते ती बाई ठेवून जबाबदारी झटकणाऱ्या पुरुषामुळे. त्याच्या चुकीची शिक्षा मुलाला देणे हा कोणता न्याय? उलट मुलाला वाटा द्यावा लागेल हे कळले, तर वाड्यावरचे हात जरा आखडतील.

आणखी एक रोग आपल्यात शिरतो आहे. 'आम्हीही राजांचेच वंशज' अशा पोस्ट फिरतात. नागवंशाचा उल्लेख बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात केला, हे खरे. पण कशासाठी? नाग लोकांनी बुद्धाचा धम्म पसरवला म्हणून. रक्ताचा टिळा कपाळी लावून मिरवा म्हणून नव्हे. राजाचे रक्त ही जर आपली प्रतिष्ठा असेल, तर राजाचे रक्त 'शुद्ध' की 'अशुद्ध' हे तपासणारा गागाभट्टही आपण मान्य केला. मग अक्करमाशी हा शब्दही मान्य केला.

आपली परंपरा वेगळी आहे. जीवक आठवा. राजगृहाच्या सालवती गणिकेचा मुलगा, जन्मताच उकिरड्यावर टाकलेला. राजपुत्र अभयाने त्याला वाढवले. तो तक्षशिलेला वैद्यक शिकला आणि तथागतांचा वैद्य झाला. त्याची जात किंवा बाप विचारून त्याला कुणी विहाराबाहेर उभे केले नाही. आणि राहुल? तो तर राजपुत्राचा औरस मुलगा. आईच्या सांगण्यावरून त्याने बापाकडे वारसा मागितला. तथागतांनी त्याला कपिलवस्तूची गादी दिली नाही, संघात घेतले. उकिरड्यावरचा जीवक आणि महालातला राहुल एकाच धम्मात समान, ही आपली वंशावळ.

म्हणून तीन गोष्टी करायच्या आहेत. पहिली, ही शिवी आजपासून बंद. भाषणात, कमेंटमध्ये, घरातल्या भांडणातही. दुसरी, वस्तीवस्तीत कायद्याची माहिती न्यायची. लग्नाची नोंदणी करून घ्या, बौद्ध पद्धतीने लावलेल्या लग्नाचीही. बापाचे नाव नाही म्हणून मुलाचे कागद अडत असतील तर हताश होऊ नका. अविवाहित आईला बापाचे नाव न सांगता एकटीला पालकत्व मिळू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच सांगितले आहे. सवर्ण बाप आणि अनुसूचित जाती-जमातीची आई असलेले मूल आईच्या समाजात वाढले आणि त्याने तेच भोगले, हे सिद्ध करता आले तर त्याचा जातीचा दाखला केवळ बापाच्या जातीवरून नाकारता येत नाही, हे २०१२ च्या निकालाने स्पष्ट झाले आहे. तिसरी गोष्ट, १९५६ च्या उत्तराधिकार कायद्यात दुरुस्तीची मागणी. पितृत्व सिद्ध झाले की मुलाला बापाच्या मालमत्तेत समान वाटा, आईबापाचे लग्न झालेले असो वा नसो. आपल्या संघटनांच्या मागण्यांच्या यादीत ही ओळ आजवर का आली नाही, याचा विचार प्रत्येक कार्यकर्त्याने करावा.

१४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर लाखो लोक उभे होते. त्या रांगेत कुणाला बापाचे नाव विचारले गेले नाही. बारामाशी किती आणि अक्करमाशी किती, हे कुणी मोजले नाही. बाबासाहेबांचा वारसा त्या सगळ्यांना सारखा मिळाला. त्या वारशावर हक्क सांगायचा असेल, तर ज्यांना आजही 'तुझा बाप कोण' असे विचारून हाकलले जाते, त्यांच्या बाजूने उभे राहावे लागेल.

जय भीम! नमो बुद्धाय!